शेजारच्या बांधकामानं भिंत तडकली: दाद मागायची कुणाकडे?

दांडिया बाजारातल्या आमच्या घराला लागून असलेला शेजाऱ्यांचा वाडा पाडला आणि तळघराच्या खोदाईला जेसीबी आला. आठवड्याभरात आमच्या देवघराच्या भिंतीत भेग पडली. तिच्या टोकाशी मी पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख घातली. बाराव्या दिवशी भेग रेघेच्या चार बोटं पुढे गेली होती. शेजारी म्हणाले, "वहिनी, सगळं काम कॉन्ट्रॅक्टरला दिलंय, त्याच्याशी बोला." मुकादम म्हणाला, मालकाशी बोला.

मालक की कॉन्ट्रॅक्टर, हे आधी ठरवावं लागतं. कामगाराच्या हातून वीट निसटून कौलं फुटली, तर जबाबदारी सहसा कॉन्ट्रॅक्टरची; मालक बरेचदा सुटतो. खोदाईनं शेजारघराचा आधारच निघाला, तर मात्र 'काम दुसऱ्याला दिलं होतं' एवढ्यावर मालक सुटत नाही. इंग्लंडमधल्या १८७६ च्या बॉवर विरुद्ध पीट खटल्यात शेजारच्या घराला आधार देण्याची आणि नुकसान भरण्याची हमी कॉन्ट्रॅक्टरनं घेतली होती, तरीही मालक जबाबदार ठरला. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्याला असलेल्या हक्कांचा (ईझमेंटचा) कायदा, आहे. शेजारच्या जमिनीचा आधार हा जमिनीचा मूळचाच हक्क; आणि घराच्या भारासकट तो २० वर्षं विनाअडथळा मिळाला असेल, तर घरासाठीही हक्क सांगता येतो. जुन्या पेठेतल्या घरांना हे मोठंच बळ आहे. म्हणून भेगांसाठी पत्र मालकाला द्या, प्रत कॉन्ट्रॅक्टरला. त्याच्याकडे बांधकामाचा विमा आहे का, तेही विचारा. त्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो, पण आधार निघाल्यानं झालेलं नुकसान बहुधा वेगळं घ्यावं लागतं.

आता मार्ग. आपसात समझोता सर्वांत लवकर होतो, आणि गिलावा, लाद्या एवढंच नुकसान असेल तर मी तोच निवडीन. मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हातात असल्याशिवाय आकडा बोलू नका. शिवाय शेजाऱ्यांनी शब्द फिरवला, तर समझोत्याच्या त्या कागदावर पुन्हा दावाच लावावा लागतो.

जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी लागत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद येते आणि त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अडचण एकच: समोरचा राजी हवा. तो बोलायला तयार आहे पण त्याच्या शब्दाचा भरवसा वाटत नाही, अशा वेळी हाच मार्ग मला सर्वांत पक्का वाटतो.

भेग वाढतेच आहे आणि खोदाई थांबत नाही, तर पैशांचं नंतर बघा. आधी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागा. भरपाईच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, पण घर तेवढं थांबत नाही. महानगरपालिकेकडे तक्रार जरूर करा. काम नियमाबाहेर असेल तर ती थांबवू शकते, भरपाई देववत नाही. पोलीस बहुतेक वेळा दिवाणी बाब म्हणतात, कारण खोडसाळपणाच्या गुन्ह्याला हेतू किंवा जाणीव लागते. ग्राहक आयोगाचा इथे उपयोग नाही; त्या कॉन्ट्रॅक्टरचे ग्राहक आपण नसतो.

आणि मुकादम "उद्याच भरून देतो" म्हणाला, तरी इंजिनिअर बघून जाईपर्यंत त्या भेगेला सिमेंट लावू देऊ नका.