उपमा की रूपक?

चोपड्याला राहणारी माझी भाची वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेवर कथा लिहितेय. तिचा प्रश्न, "मामा, उपमा देऊ की रूपक करू?"

'बाग लग्न उठलेल्या मांडवासारखी दिसत होती.' ही उपमा. साम्य एकाच बाबीत, 'सारखी' म्हटलं की वाचक लगेच समजतो. शहरातल्या वाचकालाही अडत नाही. 'चंद्रासारखा चेहरा' मात्र टाळ, वापरून पार झिजलाय.

'बाग म्हणजे लग्न उठलेला मांडव.' हे रूपक. शब्द कमी, पण जबाबदारी मोठी. बाग एकदा मांडव झाली की पुढे वऱ्हाड पांगतं, खांब कलतात, बाप हिशेबाला बसतो. सगळी कथा त्यावर उभी राहते. पुढच्याच ओळीत तिला रणांगण केलंस तर सगळं मोडतं. मला रूपक जास्त भावतं.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी दोन्ही वापरलं: संसार तव्या'जसा', मन मात्र थेट उभ्या पिकातलं ढोर.

जाता जाता एखादं दृश्य दाखवायचं असेल, वाचक केळीबागेला अनोळखी असेल, तर उपमा. बापाचं दुःख शेवटपर्यंत न्यायचं असेल तर रूपक, आणि तेही कथेत एकच.