फुगणारा कमरपट्टा 3/5, क्विक रिलीज लीश 5/5 (कोलंबिया नदीच्या गॉर्जमध्ये म्हणजे खिंडीत, डाऊनविंडला म्हणजे वारा पाठीवर घेत वापरून)

दोन्ही वस्तू मे महिन्यात एकाच दुकानातून घेतल्या, दोन्ही कमरेलाच बांधायच्या (पट्टा लाइफ जॅकेटऐवजी, आणि लीश म्हणजे पॅडलबोर्ड, उभं राहून वल्हवायची फळी, आपल्याशी बांधून ठेवणारी दोरी), पण एकीला पाचपैकी पाच आणि दुसरीला तीन, तेही कसेबसे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण माझी तक्रार एका ब्रँडबद्दल नाही, असल्या सगळ्याच पट्ट्यांबद्दल आहे.

आधी वापरतो कुठे ते सांगतो. आम्ही बीव्हर्टनला राहतो, पोर्टलंडच्या शेजारी. उन्हाळ्यात शनिवारी हायवे 84 पकडायचा, व्हिएंटो स्टेट पार्कला पॅडलबोर्ड पाण्यात टाकायचा आणि वारा पाठीवर घेत हूड रिव्हर गावापर्यंत यायचं, साधारण 13 किलोमीटर. (व्हिएंटो म्हणजे स्पॅनिशमधला वारा असं मीही सगळ्यांना सांगत फिरायचो, पण ते नाव व्हिलार्ड, एंडिकॉट आणि टोलमन या तीन रेल्वेवाल्यांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून पडलंय.) कोलंबिया नदी वाहते पश्चिमेला समुद्राकडे, आणि पूर्वेचा कोरडा भाग तापला की समुद्रावरची गार हवा या खिंडीतून आत ओढली जाते, म्हणजे वारा प्रवाहाच्या बरोब्बर उलटा, आणि म्हणून लाटा उभ्या नि एकमेकींना चिकटून. मजा त्यातच आहे आणि फजिती पण त्यातच.

आता पट्टा. दिसायला आपल्या ट्रेकिंगच्या पाऊचसारखा, आत घडी केलेली पिशवी आणि कार्बन डायऑक्साईडचा छोटा सिलेंडर, दोरी ओढली की फुगतो. उकडत नाही, पॅडल मारताना हात अडकत नाहीत, फोटोत पोट दिसत नाही म्हणून बायकोने पण पास केला. 120 डॉलर गेले.

जुलैत एकदा निम्म्या वाटेवर वारा वाढला, ताशी तीस मैलांच्या आसपास असेल, आणि मी सपशेल आडवा. वर आलो, हात पोटाशी नेला तर पट्टा जागेवर नाही. तासभर कंबर वळवून वळवून तो फिरत मागे गेलेला, दोरी कुठेतरी पाठीशी आणि एका हातात पॅडल. बरं पडल्यावर पहिले दोनचार श्वास आपले नसतातच, गार पाण्याने धाप लागते, त्यात पाठीमागे दोरी चाचपडत बसा! तोवर लीशने बोर्ड शेजारीच धरून ठेवला होता म्हणून मी त्यावर पोट टाकलं आणि पट्ट्याची गरजच पडली नाही.

घरी आल्यावर डोक्यात किडा, म्हणून सोसायटीच्या पूलमध्ये ट्रायल घेतली. दोरी ओढली, फट्कन फुगला, तिथवर झकास. पण फुगतो पोटासमोर, मग ती पिशवी आपणच डोक्यातून गळ्यात घालायची, टोपी आणि गॉगलची दोरी सांभाळत, शांत पाण्यात सुद्धा मला वीसेक सेकंद लागले. पुढची गंमत म्हणजे छातीवर एवढा फुगा घेऊन बोर्डवर चढताच येत नाही, आणि डाऊनविंडमध्ये परत बोर्डवर चढणं हाच तर खरा बचाव. सिलेंडर एकदाच चालतो, नवीन घालायला वेगळा खर्च. सोळा वर्षांखालच्या मुलांना असले पट्टे चालतच नाहीत, आणि मोठ्यांनीही कमरेला बांधला असेल तरच कोस्ट गार्ड तो लाइफ जॅकेट म्हणून धरतं, बोर्डवर अडकवून ठेवलेला नाही.

मी साताऱ्याकडे विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा काय विचारत नाही की दादा आता तरंगू का, पाण्यात पडला की तरंगतो. फोमचं जॅकेट म्हणजे तो डबा. आता मी तेच घालतो, उकडलं तर उकडलं.

लीशबद्दल मात्र पैसे वसूल. माझी कमरेची आहे, पुढे लाल गोळी, ओढली की सगळं सुटतं. नदीत ही सोय पाहिजेच, कारण लीश जेट्टीच्या खांबाला किंवा नांगरलेल्या बोटीला अडकली तर प्रवाहात वाकून घोट्याचा पट्टा सोडणं जमणार नाही. आणि लीश नसेल तर वाऱ्याने पळालेला 14 फुटी बोर्ड पोहून पकडीन म्हणणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. मधून गव्हाचे बार्ज (मोठे मालवाहू पडाव) जातात, ते काही तुमच्यासाठी ब्रेक मारत नाहीत. एकच करा, लाल गोळी दर वेळी काठावर एकदा ओढून बघा. माझ्या वेल्क्रोत वाळू जाऊन तो ढिला झाला होता, टूथब्रशने साफ केल्यावर परत घट्ट.

बाकी शिट्टी जॅकेटला, फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये गळ्यात, बोर्डला बांधून नाही. आणि हूड रिव्हरला काठाकडे वेळेत वळा, तिथे काइटवाल्यांच्या (मोठ्या पतंगाच्या जोरावर फळीवरून पाण्यावर धावणाऱ्यांच्या) दोऱ्यांची गर्दी असते म्हणून आम्ही एकदा लांबून गेलो आणि थेट पुलाखालीच पोचलो, मग बोर्ड डोक्यावर घेऊन चालत गाडीपर्यंत.

पट्टा विकायचा नाहीये, ऑगस्टमध्ये वारा नसताना तळ्यावर वापरतो, दोरी पुढे राहावी म्हणून चड्डीच्या लूपला बांधून.