मूडलची क्विझ: प्रश्न काढणाऱ्यांसाठी कितपत कामाची?

मूडल म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर; ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि २००२ पासून वापरात आहे. इथे पाहायचंय ते फक्त त्यातल्या बहुपर्यायी प्रश्नांचं.

आधी खटकणारं. नवा प्रश्न उघडला की पर्यायांच्या पाच चौकटी समोर येतात आणि त्या सगळ्या भरायचा मोह होतो. भरू नका, रिकामी चौकट विद्यार्थ्याला दिसतच नाही. तीन पर्याय दमदार असतील तर चौथा-पाचवा बहुतेक वेळा भरतीचाच असतो.

प्रत्येक पर्यायाखालची फीडबॅकची जागा बरेच जण कोरी सोडतात. खरं तर चुकीचा पर्याय तिथेच पारखता येतो. उंच डोंगरावर पाणी किती तापमानाला उकळतं, या प्रश्नात ‘१०० अंशांपेक्षा जास्त, कारण वरची हवा थंड असते’ हा पर्याय झकास. हवेचं तापमान आणि हवेचा दाब यांत गल्लत करणारा नेमका तिथे सापडतो, आणि ती गल्लत फीडबॅकमध्ये एका ओळीत सांगता येते. ‘शून्य अंश’ या पर्यायाखाली काय लिहिणार? सुचत नसेल तर पर्याय काढून टाका. पर्यायातच कारण जोडायचं तर सगळ्याच पर्यायांना जोडा. एकट्या बरोबर उत्तराला शेपूट जोडलंत, तर मुलं लांबी बघूनच टिक करतात.

पर्याय उलटसुलट करायची खूण प्रश्नातही आहे आणि क्विझच्या सेटिंगमध्येही. दोन्हीकडे चालू असेल तरच क्रम बदलतो. बदलला की ‘वरीलपैकी सर्व’ खुशाल पहिल्या नंबरावर जाऊन बसतं. (तसाही तो पर्याय टाळलेलाच बरा.)

उणे गुण द्यायचे तर चार पर्यायांना चुकीसाठी उणे ३३.३३३३३ टक्के, तीन पर्यायांना उणे ५०. नुसत्या अंदाजाची सरासरी मग शून्यावर येते.

ढीगभर प्रश्न एकदम चढवायला गिफ्ट (GIFT) फाइल, म्हणजे ठरावीक खुणांनी प्रश्न लिहिलेली साधी मजकूर फाइल, सोयीची: महिरपी कंसात बरोबर उत्तराआधी =, चुकीच्याआधी ~. फाइल यूटीएफ-८ (UTF-8) या एन्कोडिंगमध्येच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीचा चुराडा होतो. गणिताच्या प्रश्नातल्या = च्या आधी बॅकस्लॅश हवाच.

मूडल घ्यावं ते मात्र स्टॅटिस्टिक्स रिपोर्टसाठी. फॅसिलिटी इंडेक्स म्हणजे प्रश्नाला मिळालेले सरासरी गुण, टक्क्यांत. चार पर्यायांच्या प्रश्नात, उणे गुण नसताना, तो २५ च्या आसपास घुटमळत असेल तर मुलं बहुधा अंदाजच मारतायत. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स म्हणजे प्रश्नातले गुण आणि बाकी चाचणीतले गुण कितपत जुळतात त्याचा आकडा. तो उणे आला, म्हणजे एरवी चांगले गुण घेणारेच इथे चुकतायत; आधी उत्तर-की तपासा, मग प्रश्नाची भाषा. त्याच रिपोर्टमध्ये प्रश्नावर क्लिक केलं की कोणता पर्याय किती जणांनी निवडला तेही दिसतं. ज्याला कुणी हात लावला नाही, तो बदला. एकापेक्षा जास्त प्रयत्नांची मुभा दिली असेल तर आकडे पहिल्या प्रयत्नावरचेच घ्या. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात हे आकडे फार डुलतात, तेवढ्यावरून प्रश्न बाद करू नका.

एकदाच घ्यायच्या दहा प्रश्नांच्या चाचणीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. तेच प्रश्न दरवर्षी सुधारून वापरायचे असतील तर मात्र जरूर घ्या.