ड्रेन क्लीनर: काम एक नंबर, पण लेबलवर तीनच स्टार
तुंबलेलं सिंक मोकळं करायला हे दाणेदार ड्रेन क्लीनर आणलं आणि खरंच सांगते, पाइपातला सगळा चिकट थर सुटला, त्यात नाव ठेवायला जागा नाही. स्टार कापलेत ते लेबलसाठी. आत कॉस्टिक सोडा आणि सोबत ॲल्युमिनियमचे चमकणारे बारीक कण आहेत, पाणी लागलं की जोरात फसफसतं, पाइप बाहेरून गरम लागतो आणि हायड्रोजन सुटतो, जो ठिणगीने पेट घेतो, आणि हे सगळं डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात! शेजारी गॅस चालू असताना कोणी टाकलं तर?? गरम पाणी अजिबात ओतू नका, उसळून तोंडावर येतं. जाळीवर झाकण दाबून ठेवू नका, आत प्रेशर वाढतं. आणि प्लीज, काम झालं नाही म्हणून वरून टॉयलेट क्लीनर ओतू नका, त्यात बहुतेक वेळा ॲसिड असतं, दोन्ही भेटले की एकदम उकळून अंगावर उडतं. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू, तो वेगळाच धोका. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. कंपनीने हा इशारा पुढे ठळक छापावा, उरलेले दोन स्टार लगेच देते.