प्रीमियम वाढवून दिला, तरी चार तारे

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या या विमा एजंटकडे मी वॅगनआरची पॉलिसी रिन्यू करायला गेले, ती खरं तर घासाघीस करायला. घरी ऑनलाइन फॉर्म भरताना 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का?' या प्रश्नावर गुपचूप 'नाही' टिचकवलं होतं. ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) धरून आकडा कसा मस्त खाली आला! द्वारकेच्या सिग्नलला रिक्षाने मागून ठोकलं होतं, बंपर आणि डिकीचं दार क्लेममधून झालं होतं, ते सोयीस्कर विसरले.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून जुनी पॉलिसी वाचली. "ताई, क्लेम झाला की बोनस शून्य. पुढचं वर्ष नीट गेलं की परत २० टक्क्यांपासून सुरू. जुन्या कंपनीकडे एक मेल गेला की सगळं कळतं, आणि नेमका मोठा क्लेम अडकतो."

मग मी सोसायटीच्या खांबाला घासलेला दरवाजाही कबूल केला. तो सिडकोतल्या गॅरेजमध्ये खिशातून केला होता. क्लेम घेतलाच नाही, तर त्याने बोनस जात नाही म्हणाले. पण कंपनीने अपघात विचारला तर लिहायचा, लपवायचा नाही. बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या भागावर, नाही, हेही मला तिथेच कळलं.

एक तारा कापला, कारण पाऊण तास बसवलं आणि पंखा फक्त त्यांच्याच टेबलावर होता.