रुग्णाच्या मापाचं इम्प्लांट : पीएचडी पवईत की ल्यूव्हनला?

सीटी स्कॅनवरून एकाच रुग्णासाठी कृत्रिम जबडा किंवा खुबा, म्हणजे इम्प्लांट, संगणकावर घडवायचा आणि चावताना, चालताना तो तग धरेल का, हे ऑपरेशनच्या आधीच तपासायचं. या विषयात पीएचडी करायची तर आयआयटी मुंबई आणि बेल्जियममधलं केयू ल्यूव्हन या दोन्ही जागा विचारात घेण्यासारख्या आहेत. माझं ठाम मत असं की रँकिंग नंतर बघा. आधी तुमचा प्रश्न धातूचा आहे की हाडाचा, ते ठरवा.

धातूचा असेल तर ल्यूव्हन. सीटीच्या चकत्यांवरून त्रिमितीय मॉडेल बनवणारं मिमिक्स हे सॉफ्टवेअर याच गावातल्या मटेरिअलाइज कंपनीचं. कंपनी १९९० पासूनची. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंना थ्रीडी प्रिंटरने छापलेला टायटॅनियमचा अख्खा खालचा जबडा बसवला, तो छापणारी लेअरवाइज कंपनीही या विद्यापीठातूनच निघालेली.

खरा पेच ताठपणाचा आहे. इम्प्लांटच्या टायटॅनियमचा लवचिकता गुणांक (पदार्थ किती ताठ, ते सांगणारा आकडा) सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा साधारण १५ ते २०. म्हणजे भार धातूच उचलतो, हाडाला काम उरत नाही, ते झिजतं आणि इम्प्लांट सैल होतं. म्हणून धातू जाळीदार छापतात. पण छापलेली जाळी चित्रातल्यासारखी निघत नाही. आडव्या काड्यांच्या खालच्या बाजूला अर्धवट वितळलेली पावडर चिकटते, जाडी कमीजास्त होते आणि त्या खडबडीत जागीच पुढे तडा जातो. मूळ चित्रावर केलेलं गणित त्यामुळे फसवं ठरतं. छापलेल्या तुकड्याचा सूक्ष्म सीटी काढून त्यावर पुन्हा गणित करावं लागतं, शिवाय लाखो आवर्तनांची थकवा-चाचणी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन तडा कधी जातो ते पाहणं. प्रिंटर, स्कॅनर आणि चाचणीयंत्र हाताशी असण्याला इथे मोल आहे, आणि ल्यूव्हन त्यात पुढे आहे.

हाडाचा प्रश्न असेल तर मी डोळे झाकून मुंबई म्हणेन. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो, आणि गाठीबरोबर जबड्याचं हाडही कापावं लागू शकतं. टाटा मेमोरिअल परळला, आयआयटी पवईला. वैद्यकीय उपकरणांसाठीचं बेटिक केंद्र आयआयटीत २०१४ पासून आहे. जबड्याचं काम किती किचकट, ते स्कॅन उघडल्यावरच कळतं. हाड वेगळं काढायला मिमिक्समध्ये २२६ हाउन्सफील्डची (सीटीतली घनता मोजायचं एकक) ठरीव पातळी मिळते, पण दातात धातूचं फिलिंग असेल तर चकतीभर पांढरे पट्टे पसरतात आणि दात नि हाड एकजीव दिसतात. मग चकतीमागून चकती हातानेच साफ करायची. त्यात स्कॅन आणि ऑपरेशन यांच्यामध्ये गाठ वाढू शकते. सर्जनला टेबलावर ठरल्यापेक्षा जास्त हाड कापावं लागलं, तर मापाचं इम्प्लांट बसतच नाही. कापायची रेषा हलली तरी चालेल अशी रचना कशी करायची? मला हा प्रबंधाचा फार मोलाचा विषय वाटतो, आणि तो सर्जनच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाही.

पैसा आणि वेळ याबद्दल थोडक्यात. ल्यूव्हनला साधारण चार वर्षं, बहुतेक शिष्यवृत्त्यांवर आयकर नाही, पण मास्टर्स हवं. आयआयटीत आधी कोर्सवर्क, मग क्वालिफायर ही पात्रता परीक्षा, दरवर्षी प्रगतीचं सेमिनार. पाच वर्षं धरून चाला. उत्तम गुण असतील तर बीटेकनंतर थेट प्रवेशाची सोय आहे. २०२३ मध्ये पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ती सुरुवातीला महिना ७०,००० रुपये होती, नेहमीची फेलोशिप ३७,०००.

दोन्हीकडे रुग्णांचे स्कॅन वापरायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाका.

गाईडला मेल करण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे दोन-तीन प्रबंध उघडा. संगणकाने काढलेल्या लाल-निळ्या ताणाच्या चित्रांपुढे काही आहे का? स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) लावून खऱ्या तुकड्यावर मोजलेले आकडे मॉडेलशी ताडून पाहिलेत का? सहमार्गदर्शकांत एखादा सर्जन आहे का? एवढं नसेल, तर संस्थेचं नाव कितीही मोठं असो, तिथे पाच वर्षं देऊ नका.