मिक्सर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, फ्रीज: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

चारही उपकरणं काही महिने रोज आणि भरपूर वापरल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. मोठा, महागडा भाग सहसा जात नाही. त्याला चिकटलेला लहान भाग जातो. वॉरंटी मात्र मोठ्या भागावर लांबलचक दिलेली असते. फ्रीजच्या दारावरचं ‘१० वर्षं’ हे स्टिकर नीट वाचा. ती वर्षं बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची असतात. कॉम्प्रेसर चालवणारा इन्व्हर्टर बोर्ड, आतला पंखा, सेन्सर, दाराचं रबर यांची मुदत वेगळी आणि बरीच कमी असते. म्हणून इथे प्रत्येक यंत्राचं मत देताना दोनच गोष्टी पाहिल्या आहेत: आधी जाणारा भाग कोणता, आणि तो सुटा मिळून घरी किंवा साध्या दुरुस्तीच्या दुकानात बदलता येतो का.

टिकाऊपणाच्या बाबतीत मिक्सरला मी सगळ्यात वरचा क्रमांक देईन. ७५० वॉटचा, कार्बन ब्रशवाल्या मोटरचा (ब्रश म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे). या मोटरला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर बसवलेला असतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. भांड्यात घट्ट माल असला की मोटर मंदावते, करंट वाढतो, उष्णता वाढते आणि नेमका त्याच वेळी पंखाही मंदावतो. त्यामुळे घट्ट वाटण पहिल्या नंबरवर बराच वेळ फिरवत ठेवणं मोटरला सगळ्यात जास्त मारक आहे. थोडं पाणी घाला, माल कमी करा, भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. अशा मिक्सरच्या पुस्तिकेत साधारण ‘५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद’ असं चक्र दिलेलं असतं, ते पाळायचं. जास्त भार आल्यावर मोटर बंद करणारं खालचं लाल बटण पडलं तर माल काढून १० मिनिटं थांबा आणि मगच ते दाबा. लगेच दाबून पुन्हा चालवलं तर वाइंडिंगवरचं, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवरचं, वार्निश भाजतं. तो वास एकदा आला की मोटरचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा.

मिक्सरमध्ये पहिला जातो तो कपलर. भांड्याच्या बुडाशी आणि मोटरच्या टोकाशी असलेली ही दातेरी चकती मुद्दाम मऊ केलेली असते, म्हणजे पातं अडकलं तर ती झिजते आणि मोटर वाचते. बेसवर काळी पूड दिसायला लागली, सुरू करताना खडखड झाली किंवा मोटर फिरतेय पण पातं मागे राहतंय असं वाटलं, की दाते गोल झाले आहेत. बदलायला फार वेळ लागत नाही. प्लग काढा, मशीन उलटं करून खालचं झाकण उघडा. बऱ्याच मॉडेलमध्ये शाफ्टच्या खालच्या टोकाला खाच असते. तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून शाफ्ट पक्का धरा. आता कपलर पातं फिरतं त्याच दिशेने फिरवा, सुटतो. उलट दिशेने जोर लावला तर तो आणखी आवळतो, कारण भार पडल्यावर घट्ट व्हावा अशीच आट्यांची दिशा ठेवलेली असते. भांड्याकडचा कपलरही त्याच वेळी बदला. झिजलेल्या दात्यांची जोडी नव्या कपलरला फार दिवस टिकू देत नाही. आणि मोटर पूर्ण थांबायच्या आत भांडं उचलू किंवा बसवू नका. कपलर सगळ्यात लवकर त्यानेच जातो.

खरा धोका मात्र भांड्याच्या तळाच्या सीलमध्ये आहे. सील आणि बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजले की पाणी खाली झिरपतं, मोटरच्या बेअरिंगवर जातं आणि तिथे गंज धरतो. तपासणी सोपी आहे: भांड्यात २ सेंटीमीटर पाणी घालून ते पांढऱ्या कागदावर १५ मिनिटं ठेवा. नुसता ओला डाग आला तर सील गेलं आहे, काळपट डाग आला तर बुशही झिजला आहे. शिवाय रिकामं भांडं उलटं धरून कपलर बोटाने फिरवून बघा. तो मोकळा फिरायला हवा. जड फिरत असेल तर लाल बटण वारंवार पडण्याचं कारण मोटरमध्ये शोधत बसू नका, ते इथे आहे. कार्बन ब्रशजवळ बारीक निळसर ठिणग्या दिसणं साहजिक आहे. नारिंगी कडं दिसायला लागलं की ब्रश काढून बघा. ५-६ मिलिमीटरच उरले असतील तर दोन्ही बदला.

इंडक्शनबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही. काम उत्तम करतं, गरम झटपट होतं, पण आतला इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेला नाजूक आहे. कॉइलला (भांडं तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) करंट देणारा आयजीबीटी हा घटक सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद होतो. त्याची उष्णता अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर येते आणि तिथून पंखा ती बाहेर टाकतो. हवा तळाच्या जाळीतून आत जाते. स्वयंपाकघरातल्या हवेत तेलाची वाफ असतेच. ती धुळीसकट पंख्याच्या पात्यांवर बसली की काही महिन्यांत वाऱ्याचा जोर उतरतो. सुरुवातीला फक्त पंख्याचा आवाज बदलतो. मग पूर्ण पॉवरवर १०-१५ मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होतं, आणि थंड झालं की पुन्हा चालतं. ही खूण दिसली की प्लग काढून तळाची जाळी मऊ ब्रशने आणि व्हॅक्युमने साफ करा. यंत्राखाली कापड किंवा प्लास्टिक अंथरू नका. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर अंतर ठेवा.

आणि एक सवय फार महत्त्वाची: स्वयंपाक झाल्यावर भिंतीवरचा स्विच लगेच बंद करायचा नाही. पंखा थांबेपर्यंत थांबायचं. मध्येच वीज तोडली तर हीटसिंकमधली उष्णता आतच मुरते आणि शेजारच्या कपॅसिटरना (वीज साठवणाऱ्या भागांना) लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. दोन मिनिटांच्या घाईची ही किंमत मला फार मोठी वाटते.

काचेच्या मध्यभागी खालून टेकलेला तापमानाचा सेन्सर असतो. भांड्याचं बूड वाकलं असेल तर त्याला खरं तापमान उशिरा कळतं, आणि तोवर काच व कॉइल जास्त तापतात. भांडं उलटं करून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरा. पट्टीखालून १ मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर ते भांडं इंडक्शनवर ठेवू नका. रिकामं भांडं पूर्ण पॉवरवर तापवणंही टाळा, कारण बूड वाकतं ते बहुतेक त्यानेच.

फ्यूज उडाला तर तो नुसता बदलून घेऊ नका. या यंत्रात फ्यूज उडतो तो बहुतेक वेळा आयजीबीटी किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) शॉर्ट झाल्यावर. नवा फ्यूज टाकला की तोही लगेच जातो. दुरुस्ती करणाऱ्याला हे दोन्ही घटक आणि आयजीबीटीला चालू-बंद करणारं ड्रायव्हर सर्किट तपासायला सांगा, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावूनच करायला सांगा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. कामाचा माणूस हे न सांगता करतो. जो करत नाही त्याच्याकडे बोर्ड सोडू नका.

मायक्रोवेव्हचं थोडक्यात सांगतो. आतल्या उजव्या भिंतीवर सहसा अभ्रकाची एक पातळ पट्टी असते, तिच्यामागून लहरी आत येतात. तिच्यावर अन्नाचे शिंतोडे उडून जळले की तिथे कार्बन होतो आणि ठिणग्या पडतात. लोक घाबरून यंत्रच टाकून देतात, तर लागतो फक्त अभ्रकाचा एक तुकडा. जुन्या पट्टीच्या मापाने तो साध्या कात्रीने कापता येतो. ठिणग्या दिसत असताना चालवत राहिलं तर मात्र मागचा पत्रा आणि मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) दोन्ही खराब होतात. दार उघडायच्या आधी स्टॉप दाबा. दारामागे तीन छोटे स्विच असतात, आणि चालू असताना दार ओढलं की दर वेळी त्यांच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. त्यातला तिसरा स्विच पहिल्या दोघांवर पहारा ठेवतो. ते चिकटले तर तो मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणून इथेही फ्यूज गेला तर आधी दाराचे स्विच बघायचे. हे काम घरी करू नका. आतला कपॅसिटर २,००० व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज शिल्लक राहू शकतो.

ताकद उतरली आहे का, हे मात्र घरी मोजता येतं. १ लिटर थंड पाणी काचेच्या भांड्यात घ्या, ढवळून तापमान घ्या, पूर्ण पॉवरवर २ मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळून तापमान घ्या. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणा. उत्तर वॉटमध्ये येतं. २० अंश वाढले तर ७०० वॉट. भांडंही थोडी उष्णता घेतं, त्यामुळे पाटीवरच्या आकड्यापेक्षा दहाएक टक्के कमी आलं तर चिंता नाही. नवं असतानाच हा आकडा लिहून ठेवा, कारण पुढे तुलना त्याच्याशीच करायची असते.

फ्रीजमध्ये सर्वात जास्त फसवणूक होते ती ‘गॅस गेला’ या निदानात. लक्षणं नीट वेगळी करा. वरचा फ्रीझर गार आहे, खालचा भाग मात्र गरम होतोय, आणि फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर बर्फाचा थर आहे, तर दोष डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे: हीटर, त्याचा सेन्सर किंवा बोर्ड. खात्री करायला फ्रीज रिकामा करून बंद करा आणि दारं उघडी ठेवून २४ तास राहू द्या. पुन्हा चालू केल्यावर काही दिवस उत्तम चालला आणि मग तसाच बिघडला, तर गॅसचा संबंध नाही. गॅस कमी असता तर बर्फ वितळवून काहीच सुधारलं नसतं.

भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर डीफ्रॉस्टच्या पाण्याचं भोक तुंबलं आहे. सुईशिवायची ६० मिलिलिटरची सिरिंज घेऊन कोमट पाणी त्या भोकात हळूहळू सोडा. मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला की मार्ग मोकळा. बर्फ सुरीने खरवडू नका. आतली नळी पातळ असते, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये असलेला आर-६००ए हा वायू ज्वलनशील आहे.

दाराचं रबर तपासायला कागद दारात धरून दार लावा आणि ओढा, असं चारही बाजूंनी. सहज निघून आला तिथे रबर सैल आहे. कोमट साबणपाण्याने धुऊन, केस वाळवायच्या ड्रायरने किंचित गरम करून दाबलं तर बरेचदा परत बसतं. नाही बसलं तर नवं घ्यायचं, आणि इथे सुट्या भागांचा प्रश्न येतो. युरोपियन युनियनच्या मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फ्रीजच्या दाराचं रबर त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं उपलब्ध ठेवावं लागतं. थर्मोस्टॅट, तापमान सेन्सर आणि सर्किट बोर्ड ७ वर्षं. खरेदीच्या वेळी दुकानात विचारायचं ते हेच: या मॉडेलचं रबर आणि बोर्ड सुटे मिळतात का, भाग क्रमांक काय, आणि तळाचं झाकण स्क्रूने बसवलंय की चिकटवलंय. उत्तर मिळालं नाही तर मी तो फ्रीज घेणार नाही, मग कॉम्प्रेसरची वॉरंटी कितीही असो. मिक्सर घेताना दोन्ही कपलर आणि भांड्यांची सील, मायक्रोवेव्ह घेताना अभ्रकाची एक शीट त्याच दिवशी सोबत घ्या. मॉडेल बंद झाल्यावर शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.